ट्रेलरचं सर्टिफिकेट कागदावरून डेटात नेताना काय काय झालं: इंदूरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरला विजय नगरच्या बाजूला एक छोटं ऑफिस आहे, बाहेरच्या देशांतल्या गाड्या बनवणाऱ्यांचे टेक्निकल कागद तयार करून देणारं. ड्रॉइंग, मंजुरीच्या फाइली, सर्टिफिकेटं, असलं काम. निम्मी माणसं मराठी, कोणी रामबागेतलं, कोणी लोकमान्य नगरचं, बाकीचे हिंदीवाले, त्यामुळे एका वाक्यात दोन भाषा कशा चालतात ते इंदूरकरांना सांगायला नको. मी तिथे कामाची पद्धत लिहून ठेवण्याचं काम करते. खालच्या प्रकरणातून कंपनीचं नाव, देश, माणसं सगळं काढलंय, बाकी घडलं तसं आहे.

क्लायंट म्हणजे युरोपातला हलके ट्रेलर बनवणारा एक घरचा कारखाना. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की बायपासवरचा बावीस चाकी डोळ्यासमोर येतो, हे ते नाही, हे कारच्या मागे जोडायचे, सामानाचे, बोट न्यायचे, घोडे न्यायचे. त्यांच्या कायद्यात भरल्यावरचं कमाल वजन ७५० किलोपर्यंत असलेल्या ट्रेलरांचा गट ओ-१ आणि त्याच्या वर ३५०० किलोपर्यंतचा ओ-२. बहुतेक माल ओ-२ मधला.

तिकडे पद्धत अशी की मॉडेलला एकदा सरकारी यंत्रणेची मंजुरी घ्यायची, ती सगळ्या सदस्य देशांत चालते, आणि मग त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीबरोबर कारखान्याने लिहून द्यायचं की ही गाडी मंजूर झालेल्या नमुन्याप्रमाणेच बनलीय. हेच सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी, सगळे सीओसी म्हणतात. ते नसेल तर नव्या गाडीचं रजिस्ट्रेशन अडतं. आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला फॉर्म २२. डीलरचा विक्रीचा दाखला फॉर्म २१, रजिस्ट्रेशनचा अर्ज फॉर्म २०, आणि गाडी नियमाला धरून आहे असं कारखान्याने लिहून द्यायचं तो २२. ज्यांनी कधी शोरूममधून गाडीची फाइल स्वतः चाळलीय त्यांना तो कागद आठवेल, बाकीच्यांनी बघितलेलाही नसतो.

युरोपचा सध्याचा कायदा म्हणजे २०१८/८५८ क्रमांकाचं रेग्युलेशन, १ सप्टेंबर २०२० पासून लागू. त्याच्या कलम ३६ मध्ये कागदी सीओसी आहे, ३७ मध्ये इलेक्ट्रॉनिक. ५ जुलै २०२६ पासून कारखान्याने हे सर्टिफिकेट स्ट्रक्चर्ड डेटा म्हणून द्यायचं, म्हणजे प्रत्येक आकडा आपापल्या रकान्यात, मशीनला वाचता येईल असा. फॉरमॅट २०२१/१३३ या दुसऱ्या रेग्युलेशनमध्ये दिलाय, एक्सएमएल मेसेज, म्हणजे प्रत्येक आकड्याला नावाची खूण लावलेली फाइल, कामातले लोक त्याला आयव्हीआय (इनिशियल व्हेइकल इन्फर्मेशन, गाडीची सुरुवातीची माहिती) म्हणतात, आणि देशादेशांत तो युकॅरिस नावाच्या यंत्रणेतून फिरतो. तारखेच्या आधी स्वतःहून सुरू करायला परवानगी होतीच.

यात एक गोष्ट क्लायंटच्या लक्षात यायला वेळ लागला. कागद गाडीबरोबर जायचा, कारखान्यातून डीलरकडे, डीलरकडून गिऱ्हाइकाकडे, आणि सगळ्यात शेवटी रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर. डेटा उलटा जातो. ज्या यंत्रणेने मंजुरी दिली तिच्याकडे आधी पोचतो आणि तिथून दुसऱ्या देशांच्या रजिस्ट्रेशनवाल्यांना मिळतो. म्हणजे पूर्वी सरकारच्या हातात कागद पडेपर्यंत मध्ये दोन-तीन आठवडे आणि दोन-तीन माणसं होती, चूक सापडली तर घरातल्या घरात मिटायची. आता ती मधली जागाच गेली.

अडचण

कारखान्यात सीओसीचं सगळं काम एक बाई बघायच्या, निवृत्तीला आलेल्या. एक्सेलची शीट, त्यातून वर्डच्या साच्यात आकडे, मग वॉटरमार्कवाल्या खास कागदावर प्रिंट, मालकाची सही, एक प्रत फाइलला. चूक झाली तर तो कागद रद्द, रजिस्टरमध्ये नोंद, नवा कागद. हरवला तर डुप्लिकेट, तोही गाडी बनल्यापासून १० वर्षं मागता येतो आणि त्यावर डुप्लिकेट असं स्पष्ट लिहावं लागतं. कोणाची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर व्यवस्था चांगली होती, कारण बाई चांगल्या होत्या.

त्यांची एक्सेल आमच्याकडे आली तेव्हा आमच्या डेव्हलपर मुलीने पहिल्या आठवड्यात तिच्यातून एक्सएमएल बनवून दाखवलं. एका ट्रेलरची लांबी निघाली ५ मिलीमीटर. शीटमध्ये होतं ४.८५०, त्यांच्याकडे हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, म्हणजे चार हजार आठशे पन्नास मिलीमीटर, आमच्या प्रोग्रॅमने ते ४.८५ वाचलं आणि पूर्णांक करून ५ केलं. सगळे हसले. पण हे सापडलं कारण ते हास्यास्पद होतं, जी गडबड हास्यास्पद नसते ती हसवत नाही आणि सापडतही नाही, आणि तसलंच जास्त होतं.

टायरचं बघा. सर्टिफिकेटच्या ३५ नंबरच्या ओळीत बाई लिहायच्या १८५/७० आर १३ ९३ एन, कधी मधे तिरकी रेघ, कधी कंस, कधी पुढे "किंवा" लिहून दुसरा साइज. माणूस वाचतो आणि समजतो की ९३ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ६५० किलो, आणि एन म्हणजे ताशी १४० किलोमीटरपर्यंत. मशीनला साइज वेगळा, लोड वेगळा, स्पीड वेगळा द्यावा लागतो. चेसिस नंबरचं तसंच, १७ अक्षरं, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू वापरायचेच नसतात, पण हाताने टाइप केलेल्या शीटमध्ये शून्याच्या जागी ओ चार-पाच ठिकाणी सापडलाच. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात त्यामुळे कोणाला कधी कळलं नाही. अमेरिकेत नवव्या जागी चेक डिजिट असतो, तो चूक पकडून देतो, युरोपात तो सक्तीचा नाही, तेव्हा तेही संरक्षण नाही.

मग ५२ नंबर, रिमार्क्स. ही ओळ म्हणजे घरातलं माळ्यावरचं खोकं होतं, जे कुठे बसत नाही ते तिथे. पर्यायी टायर, कपलिंगचा (कारला जोडायच्या कडीचा) प्रकार, "वजन कमी केले, जुने सर्टिफिकेट रद्द", सगळं एकाच ओळीत आणि तेही बाईंच्या स्वतःच्या शॉर्टफॉर्ममध्ये.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे वजन. सर्टिफिकेटमध्ये १३ नंबरला चालू स्थितीतलं ठरीव वजन असतं आणि १३.२ ला त्या विशिष्ट गाडीचं प्रत्यक्ष वजन, म्हणजे स्टेपनी, विंच, जास्तीची फळी धरून. शीटमध्ये दोन्हीकडे एकच आकडा होता, बहुतेक सगळ्या गाड्यांना. मग १६.१, तांत्रिकदृष्ट्या परवानगी असलेलं भरल्यावरचं कमाल वजन. त्याचा किस्सा पुढे येतोय, कारण खरं भांडण तिथे झालं.

पर्याय

क्लायंटची पहिली कल्पना अशी की आहे तेच सर्टिफिकेट पीडीएफ करायचं, डिजिटल सही मारायची, मेल करायचं. मालक म्हणाले डिजिटल म्हणजे डिजिटल. हे लगेच बाद झालं, कायद्याला स्ट्रक्चर्ड डेटा पाहिजे, कागदाचा फोटो नको. तरी हे समजावण्यात दोन मीटिंगा गेल्या, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आपल्याकडेही डिजिलॉकरमध्ये आरसी दिसली की लोकांना वाटतं आतमध्ये कागदच ठेवलाय.

दुसरा पर्याय होता जुने कागद स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, वाचायचे आणि त्यातून प्रत्येक मॉडेलचा साचा बनवायचा. हा आमच्याच टीममधल्या एकाचा आवडता पर्याय, कारण काम झटपट दिसतं. तिसरा, बाजारातली तयार सर्व्हिस घ्यायची, ते मेसेज बनवूनही देतात आणि पाठवूनही देतात, आपण फक्त आकडे भरायचे. चौथा, कारखान्याच्या ऑर्डर सिस्टिममधून थेट डेटा उचलायचा, मधे आपले नियम लावायचे, आणि पाठवण्यापुरती बाहेरची सर्व्हिस.

तिसऱ्या पर्यायाकडे मालकांचा कल होता. खर्च ठरलेला, डोकेदुखी दुसऱ्याची. पण "आकडे भरायचे" म्हणजे कोण भरणार, तर परत बाईच, परत त्याच एक्सेलमधून, आणि त्या जाणार पुढच्या वर्षी.

इथे आमचे काका बोलले. काका म्हणजे पीथमपूरच्या एका कारखान्यात आयुष्य क्वालिटीत काढून रिटायर झालेले, आता आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीन दिवस येतात. पीथमपुरात नॅट्रॅक्स ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे, ११.३ किलोमीटरचा तो हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तसल्या वातावरणात राहून त्यांना मंजुरी, मोटार वाहन नियमांतला १२६, १२६-ए मधली उत्पादनाची कन्फॉर्मिटी (बनणारा माल मंजूर नमुन्यासारखाच आहे ना, याची तपासणी) हे सगळं तोंडपाठ. आमची डेव्हलपर मुलगी त्यांना उत्साहाने म्हणाली, काका, फाइल पास झाली. ते म्हणाले, पास कोणी केली? ती म्हणाली, व्हॅलिडेटरने. ते म्हणाले, अगं, त्याने ट्रेलर बघितलाय का?

तर व्हॅलिडेटर म्हणजे फाइल तिच्या साच्याशी, स्कीमाशी, ताडून बघणारा प्रोग्रॅम, तो तपासतो की रकान्यात आकडा आहे, आकडाच आहे, ठरलेल्या जागेत आहे. तो आकडा खरा आहे की नाही हे त्याला कसं कळणार. आणि ओसीआरचा पर्याय तिथेच पडला, कारण कागदावरून कागदाचाच आकडा उचलायचा तर चुकाही तशाच उचलल्या जाणार, वर त्यांना मशीनचा शिक्का.

पहिला निर्णय: आकडा कुठून घ्यायचा

चौथा पर्याय ठरला, पण कोडिंगला हात लावण्याआधी काकांनी एक कंटाळवाणं काम करायला लावलं. सर्टिफिकेटची प्रत्येक ओळ घ्यायची आणि समोर लिहायचं, हा आकडा येतो कुठून आणि तो बदलायचा अधिकार कोणाचा. मंजुरीच्या फाइलमधून, ऑर्डरमधून, शॉप फ्लोअरवरून, की मोजून. ज्या ओळीसमोर "बाईंना विचारा" असं आलं ती लाल.

लाल ओळी बऱ्याच निघाल्या. आम्ही बाईंना रोज फोन करायला लागलो, उन्हाळ्यात आमचे दुपारचे साडेबारा म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ, त्या कॉफी घेऊन बसायच्या आणि एकेका शॉर्टफॉर्मचा इतिहास सांगायच्या. आधी त्यांना वाटत होतं की इंदूरचे लोक आपली नोकरी घेताहेत, आवाजात कळायचं. मालकांनी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी आहे.

या यादीतूनच मोठी गोष्ट बाहेर आली. सर्टिफिकेटच्या ०.२ मध्ये टाइप, व्हेरिएंट आणि व्हर्जनचे कोड असतात, ते मंजुरीच्या फाइलशी जुळलेच पाहिजेत. आम्ही शीटमधले सगळे कोड काढून फाइलशी लावून बघितले. बहुतेक ठिकाणी फरक नुसता नावाचा होता, कारखान्याचा जुना कोड, ट्रेलर मात्र मंजुरीच्या आतलाच. पण लांब दांड्याचा (कारला जोडायचा पुढचा दांडा) एक बोट-ट्रेलर होता त्याचं व्हर्जन फाइलमध्ये नव्हतंच. डिझाइन बदललं, विक्री सुरू झाली, मंजुरीचा विस्तार, म्हणजे जुन्या मंजुरीत हा बदल जोडून घेणं, राहिला. कागदावर कोड हाताने टाइप व्हायचा म्हणून कुठेच अडला नव्हता.

आता काय करायचं यावर दोन मतं. कारखान्यातल्या विक्रीवाल्यांचं म्हणणं, सगळ्यात जवळच्या व्हर्जनचा कोड टाका, दांडा थोडा लांब आहे एवढंच, नवीन सिस्टिम सुरू होताना हे उकरू नका. आमच्यातलाही एक जण म्हणाला, भिया, क्लायंटची फाइल आहे, आपण टाइप करणारे, आपल्याला काय. काकांचं म्हणणं उलट होतं आणि ते त्यांनी मेलवर लिहून दिलं: कागद असता तर तो एका खिडकीवर एकदा दिसला असता, डेटा मंजुरी देणाऱ्याच यंत्रणेच्या सर्व्हरवर कायम बसणार आहे, तिच्याच फाइलच्या शेजारी, आणि कोणीही एक क्वेरी मारली की दोन्ही समोरासमोर येतील. शिवाय दांड्याची लांबी बदलली की कपलिंगवरचा भार बदलतो, हे कागदाचं नाही, सुरक्षेचं आहे.

मालकांनी तीन-चार दिवस घेतले. मग त्या मॉडेलची विक्री थांबवली आणि यंत्रणेकडे स्वतः जाऊन सांगितलं, विस्ताराचा अर्ज दिला, विकलेल्या गाड्यांची यादीही दिली. सीझन तोंडावर होता, बोटवाले वसंतात घेतात, नुकसान झालंच. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो आमचा नव्हता, त्यांचा होता.

दुसरा निर्णय: आकडा बंद कधी करायचा

आता वजनाचा किस्सा. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर, बी कॅटेगरीवर, ७५० किलोच्या वरचा ट्रेलर ओढायचा तर कार आणि ट्रेलर मिळून कमाल वजन ३५०० किलोच्या आत बसावं लागतं. आणि मोजतात ते कागदावरचं कमाल वजन, ट्रेलर त्या दिवशी रिकामा आहे की भरलेला याला किंमत नाही. समजा कारचं कमाल वजन २१५० किलो आहे, तर ट्रेलर १३५० च्या वरचा चालत नाही. म्हणून १५०० किलोचा ट्रेलर गिऱ्हाइकाच्या मागणीवरून १३५० ला उतरवून देतात, लोखंड तेच, चाकं तीच, फक्त १६.१ चा आकडा आणि ट्रेलरवरची प्लेट बदलते.

हा उतरवण्याचा खेळ या कारखान्यात शेवटच्या दिवसापर्यंत चालायचा. ट्रेलर यार्डात तयार उभा, डीलरचा फोन, यातले तीन १३०० ला करून द्या. बाई जुना कागद रद्द करून नवा छापायच्या, फोरमन जुनी प्लेट काढून नवी मारायचा, संध्याकाळी ट्रक निघाला. डीलरांना याची इतकी सवय की ते स्टॉकच १५०० चा घ्यायचे आणि गिऱ्हाईक आलं की फोन.

डेटात हे कसं करणार? कायदा म्हणतो गाडी बनल्यावर विनाकारण उशीर न करता डेटा द्या. एकदा पाठवला की तो बदलायला दुरुस्तीचा नवा मेसेज लागतो, आणि मधल्या काळात कोणी जुना डेटा घेऊन रजिस्ट्रेशन केलं तर गाडी एका वजनाची आणि नोंद दुसऱ्या.

तीन रस्ते होते. गाडी बनली त्याच दिवशी पाठवा आणि बदल झाला की दुरुस्ती पाठवत राहा. किंवा ट्रक निघेपर्यंत थांबा. किंवा एका टप्प्यानंतर वजन बदलणं बंदच करा.

डेव्हलपर मुलीला पहिला रस्ता सोपा वाटत होता, दुरुस्तीचा मेसेज काय, एक बटण. विक्रीवाल्यांना दुसरा हवा होता. यार्डात ट्रेलर कधीकधी तीन महिने उभा राहतो, मग "विनाकारण उशीर न करता" याला काय उत्तर द्यायचं? यावर बराच वाद झाला, त्यातच होळी आली, आणि त्यांच्या टेस्टचा आठवडा नेमका रंगपंचमीच्या आठवड्यात. इंदूरला रंगपंचमीला सुट्टी असते, राजवाड्यावर गेर निघते, कोणी ऑफिसला येत नाही, हे त्यांना समजावताना फोटोच पाठवावे लागले, तेव्हा कुठे तिकडून आलं, बरं, गुरुवारी बोलू.

गुरुवारी तोडगा फोरमनने काढला, आम्ही कोणी नाही. तो म्हणाला, मी प्लेट मारतो तेव्हा तिच्यावर चेसिस नंबर, मंजुरीचा नंबर आणि कमाल वजन असतंच, तर तुमचा मेसेज माझ्या प्लेटला बांधा ना. प्लेट छापायचं मशीन आणि मेसेज दोन्हीला डेटाची एकच ओळ. प्लेट छापली की ओळ बंद, म्हणजे तिच्यातलं काही बदलता येणार नाही, आणि मेसेज तयार. प्लेट लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर लागते, म्हणजे वजन काय ते त्याच्या आधी ठरलं पाहिजे. नंतर कोणाला वजन उतरवून हवंच असेल तर कारखाना तांत्रिक पत्र देईल आणि बदल त्या त्या देशातल्या तपासणीच्या रस्त्याने, रजिस्ट्रेशनमध्ये होईल.

विक्रीवाले चिडले. डीलरांना आता ऑर्डर देतानाच वजन सांगावं लागणार, स्टॉक दोन-तीन वजनांत ठेवावा लागणार. मालकांनी त्यांना दुरुस्तीच्या मेसेजची सोय ठेवून दिली, पण ती वापरायला मालकांची सही, आणि कारण लिहायचं. सही मागायला लागल्यावर मागणाऱ्यांची संख्या आपोआप कमी होते, हा अनुभव सरकारी ऑफिसांत असतोच.

तिसरा निर्णय: प्रत्यक्ष वजन

याला मात्र पूर्ण उत्तर मिळालं नाही. प्रत्येक ट्रेलर वजनकाट्यावर घ्यायचा तर लाइन मंदावते, न घ्यायचा तर १३.२ मध्ये काय लिहायचं. ठरलं असं की प्रत्येक ऑप्शनचं वजन एकदा नीट मोजून टेबलात ठेवायचं, बेसिक वजनात ते मिळवायचं, आणि अधूनमधून एखादा ट्रेलर काट्यावर चढवून हिशोब पडताळायचा. घोड्यांच्या ट्रेलरमध्ये लाकडी फ्लोअर आणि रबर मॅट असते, पुरवठादार बदलला की वजन बदलतं, तिथे हा हिशोब घसरतो असं पडताळणीत दिसलं, म्हणून ते मॉडेल सरसकट काट्यावर. बाकीच्यांना हिशोब. कारखान्याला हे परवडलं, दुसऱ्या कोणाला परवडेलच असं नाही.

निकाल

आधी सामानाच्या ट्रेलरच्या दोन सिरीज सुरू केल्या, स्वतःहून, तारखेच्या बऱ्याच आधी. कागदही छापत राहिले, कारण डीलर मागायचे आणि दुसऱ्या देशातल्या खिडकीवरचा माणूस काय मागेल याचा भरवसा नव्हता. दोन्ही चालवण्यात धोका हा की कागद एक सांगेल आणि डेटा दुसरं. म्हणून एक्सेल कुलूपबंद केली आणि कागदसुद्धा त्याच बंद झालेल्या ओळीतून छापायला लावला. बाईंना हे पटायला वेळ लागला. एकदा त्यांनी जुन्या सवयीने वर्डमध्ये एक टायर बदलून छापला, तो सापडला, आणि मग त्यांनीच सांगितलं की मला वर्डचा तो साचा दिसूच देऊ नका.

सुरुवातीला बरेच मेसेज परत यायचे, जास्त करून टायर आणि कोडवरून. नंतर परत येणं जवळपास थांबलं. ५२ नंबरची ओळ आता बहुतेक रिकामी जाते, कारण तिथलं सामान आपापल्या रकान्यात गेलं. जे उरलं त्यासाठी ठरलेली वाक्यं आहेत, नवीन वाक्य हवं असेल तर मंजुरी-विभागाचा माणूस घालतो, विक्रीवाला नाही. बोट-ट्रेलरचा विस्तार मिळाला पण तोवर सीझन गेला होता. बाई अजून आहेत, आठवड्यातून थोडे दिवस, अडलेले मेसेज बघतात आणि नव्या मुलाला शिकवतात.

विक्रीवाल्यांनी एक डीलर गमावला असं ते म्हणतात. तो शेवटच्या दिवशी वजन बदलून देणाऱ्याकडे गेला. ५ जुलै २०२६ नंतर तो बदलून देणाराही याच कात्रीत सापडणार, पण हे आपण म्हणून उपयोग नाही, गेलेलं गिऱ्हाईक गेलंच.

पुन्हा करायचं झालं तर

बाईंना पहिल्याच कॉलला घ्यायला हवं होतं, मालकांच्या आधी. आम्हाला शीट मिळाली आणि आम्ही शीटशी बोलत बसलो, त्यात जो वेळ गेला तो त्यांच्याशी बोलण्यात गेला असता तर लाल ओळी आधीच कळल्या असत्या. आणि त्यांना भीती वाटली नसती, ते वेगळंच.

टेस्टसाठी क्लायंटने जे ट्रेलर निवडून दिले ते सगळे सरळसाधे, ऑप्शन नसलेले, वजन न उतरवलेले. ते पास होणारच होते. रद्द झालेल्या कागदांचं रजिस्टर होतं ना, तिथूनच टेस्टची उदाहरणं उचलायची, कारण जिथे कागद बदलावा लागला तिथेच डेटा अडणार. हे आम्ही दुसऱ्या सिरीजपासून केलं आणि फरक लगेच दिसला.

डीलरांना सहा-आठ महिने आधी सांगायला पाहिजे होतं. वजन आधी ठरवा हा त्यांच्यासाठी धंद्यातला बदल होता, आणि त्यांना तो एका मेलने कळला, तोही मागाहून. गेलेला डीलर कदाचित थांबला असता, कदाचित नसता.

विस्ताराचं यंत्रणेला सांगायचं की नाही यावर मात्र परत वाद झाला तरी मी काकांच्याच बाजूने उभी राहीन. फक्त कोड जुळवण्याचं काम सगळ्यात आधी करायचं, सीझनच्या आधी, हिवाळ्यात, म्हणजे मॉडेल थांबवायला लागलं तरी नुकसान कमी.

राहिलं ते अर्धवट चेसिसचं. क्लायंट काही चेसिस नुसते विकतो, त्यावर दुसरा कोणीतरी फूड ट्रेलरची बॉडी चढवतो. आपल्याकडे बॉडी बांधणाऱ्यांसाठी फॉर्म २२-ए आहे तसंच तिकडे पुऱ्या झालेल्या गाडीचं सर्टिफिकेट दुसऱ्या टप्प्याचा माणूस देतो आणि पहिल्या टप्प्याचा डेटा त्याला आधार म्हणून लागतो. तो बॉडीवाला म्हणजे दोन भाऊ आणि एक वेल्डर, त्यांच्याकडे एक्सएमएल कोण बघणार, ते अजून कागदच मागतात आणि क्लायंट अजून छापून पाठवतो. त्यांच्यासाठी वेब फॉर्म करायचा की क्लायंटनेच त्यांचा मेसेज भरून द्यायचा यावर बोलणं चाललंय. भरून दिला तर बॉडीच्या आकड्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न काकांनी विचारून ठेवलाय, आणि क्लायंटच्या वकिलाकडून अजून उत्तर आलेलं नाही.